घबराट आणि ठेव
जून 1940 मध्ये युरोपातील युद्धवार्तांनी भयभीत झालेले लोक बँकांतून ठेवी काढून नोटांची नाणी करून घेत होते, तेव्हा महात्मा गांधींनी सेवाग्रामाहून ‘हरिजन’मध्ये लेख लिहून, जमिनीत पुरलेला पैसा पुन्हा हाती लागेलच असा भरवसा नाही, असे बजावले होते. आज सहकारी बँकेतील ठेवीसदेखील व्याजासह 5 लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे आणि टपाल कचेरीतील बचतीस केंद्र सरकारची हमी आहे. पतसंस्थेतील ठेवीस मात्र हा बँक-विमा लागू नाही. शेअर बाजाराचे स्वरूप निराळे: 23 मार्च 2020 रोजी सेन्सेक्स हा निर्देशांक एकाच दिवसात 13 टक्क्यांहून अधिक घसरला आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात त्याने पूर्वीचा उच्चांक ओलांडला. पेरणी मात्र बाजार सावरेपर्यंत थांबत नाही; म्हणून पेरणीसाठी राखलेली रक्कम तेथे मुळीच गुंतवू नये.