आघात कोठे द्यावा?



आपली मुले स्पेलिंग पाठ करतात, व्याकरणही बरोबर लिहितात. पण बोलू लागली की समोरचा ‘काय म्हणालास?’ असे विचारतो आणि मूल गप्प होते. पुष्कळदा चूक आघाताची असते.

मराठीत ‘दिन’ आणि ‘दीन’ यांचा अर्थ ऱ्हस्व-दीर्घाने बदलतो. इंग्रजीत कधी कधी तेच काम आघात करतो. ‘ब्लॅक-बोर्ड’ या जोडशब्दाचे उच्चारात दोन अवयव. पहिल्यावर जोर दिला तर वर्गातला फळा. दुसऱ्यावर दिला तर काळ्या रंगाची कोणतीही फळी. ‘इंग्लिश टीचर’मध्ये ‘इंग्’वर जोर म्हणजे इंग्रजी शिकविणारा, ‘टी’वर जोर म्हणजे स्वतः इंग्रज असलेला शिक्षक. ‘न्यूज-पे-पर’चे अवयव तीन, मुख्य आघात पहिल्यावरच. बहुतेक जोडनामे अशीच. ‘अ‍ॅपल पाय’सारखे अपवाद आहेत. म्हणून उच्चार देणारा शब्दकोश पाहावा. त्यात आघाताच्या अवयवाआधी छोटी उभी रेघ असते.

पालकहो, आपणांस इंग्रजी येत नसले तरी रोज पाच शब्द मोठ्याने म्हणवून घ्या. प्रत्येक अवयवाला एक टाळी, आघाताला मोठी टाळी. याला फी लागत नाही, आणि मुलाची जीभ मोकळी होते.