रविवार मागणारा ठाणेकर



खोपटचं एसटी आगार या महाविद्यालयापासून चालत दहा मिनिटांवर आहे. माझे वडील त्या आगारात कंडक्टर होते. त्यांचा डबा घेऊन मी याच रस्त्याने जायची, त्यामुळे आज पदवी घेणाऱ्या तुम्हा मुलामुलींसमोर आणि तुमच्या पालकांसमोर इथे उभी राहताना घरच्यांशी बोलते आहे असंच वाटतं.

वडिलांच्या निवृत्तीला तीन वर्षं उरली असताना तिकिटांचं यंत्र आलं. तोवरची सगळी नोकरी तिकिटांचा ट्रे, चिमटा आणि वेबिल यांच्यावर झालेली. रंग बघून तिकीट फाडणारी त्यांची बोटं बटणांवर अडखळायला लागली. घरी येऊन ते गप्प बसायचे. मग आगारात नव्याने लागलेल्या एका पोराने त्यांना विश्रांतीगृहात बसवून आठवडाभर ते यंत्र शिकवलं. वडिलांनीही त्याला हातचं राखून ठेवलं नाही. खच्चून भरलेल्या गाडीत तिकीट न काढलेला माणूस कसा ओळखायचा, सुट्ट्या पैशांवरून पेटलेलं भांडण आवाज न चढवता कसं मिटवायचं, मुक्कामी गाडी घेऊन परक्या गावी गेल्यावर हिशेब जुळवल्याशिवाय पाठ का टेकायची नाही, हे सगळं त्याला सांगितलं. यंत्राबरोबर आलेल्या पुस्तिकेत यातलं काही नव्हतं.

१ जून १९४८ला पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली, तेव्हा लक्ष्मण केवटे तिचे वाहक होते. बरोबर ७४ वर्षांनी, १ जून २०२२ला, त्याच मार्गावर विजेवर चालणारी ‘शिवाई’ बस सुटली. मधल्या काळात एसटीत किती पिढ्या आल्या आणि गेल्या. त्या विश्रांतीगृहातल्यासारखे आठवडे प्रत्येक आगारात कधी ना कधी घडले असणार, असं मला मनापासून वाटतं.

माझी नोकरी कर्मचारी विभागात झाली, सत्तावीस वर्षं. तिथे दोन तक्रारी मी रोज ऐकल्या. वयाने मोठी माणसं म्हणायची, ‘आजकालच्या पोरांना काही सोसतच नाही.’ आणि तुमच्या वयाची मुलं म्हणायची, ‘मॅडम, ही माणसं नुसती सोसत राहतात, तोंड उघडत नाहीत.’ दोघांनाही मी एकाच माणसाची गोष्ट सांगायची. तो माणूस आपल्या ठाण्याचा आहे, तरी इथल्या फार थोड्यांना ते ठाऊक असतं, याचं मला वाईट वाटतं.

नारायण मेघाजी लोखंडे १८४८मध्ये ठाण्यात जन्मले. रेल्वेत आणि टपाल खात्यात नोकरी करून ते मुंबईच्या एका कापड गिरणीत भांडारपाल झाले. गिरणीत दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत काम चाले आणि आठवड्याची सुट्टी ठरलेली नसे. हे त्यांनी जवळून पाहिलं. ते जोतीराव फुल्यांचे सहकारी होते, ‘दीनबंधू’ हे वृत्तपत्र चालवत होते. १८८४च्या सप्टेंबरात त्यांनी कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचा अर्ज तयार केला. मागण्या काय होत्या? रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, मागच्या महिन्याचा पगार पंधरा तारखेपर्यंत हातात, कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत आधार. एवढंच मागितलं, आणि तेही लगेच मिळालं नाही. पुन्हा अर्ज, पुन्हा सभा. २४ एप्रिल १८९०ला महालक्ष्मीच्या मैदानावर दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. मला त्या दोघींचं फार अप्रूप वाटतं. त्या काळात, एवढ्या जमावासमोर! अखेर १० जून १८९०ला गिरणीमालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली.

पहिल्या अर्जापासून त्याला जवळपास सहा वर्षं लागली होती. चिवटपणा म्हणतात तो हा. मुकाट्याने सोसणाऱ्याला आपण चिवट म्हणतो, ते मला पटत नाही. लोखंड्यांनी मागितलं, नकार पचवला, माणसं जोडली आणि पुन्हा मागितलं. तेव्हा कोणी तुम्हाला म्हणालं, की कामानंतरचा वेळ मागणं हे नव्या पिढीचं फॅड आहे, तर त्यांना १८८४ची आठवण करून द्या.

आता मोठ्यांची बाजू. १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली आणि तिचं पहिलं औद्योगिक क्षेत्र इथेच, वागळे इस्टेटमध्ये उभं राहिलं. तिथल्या भोंग्यांवर ठाण्यातली कित्येक घरं चालली. ती पिढी खूप सोसू शकली हे खरं. पण पर्मनंट नोकरी, प्रॉव्हिडंट फंड, युनियन, कँटीनमधली जेवणाची सुट्टी आणि चाळीतले शेजारी असा टेकू तिला होता. पुढे कारखाने बंद पडत गेले, तेव्हा तो टेकू निसटताना तिने पाहिला. म्हणून तुम्ही चांगली नोकरी सोडायची भाषा केलीत की आईवडिलांच्या पोटात खड्डा पडतो. त्या भीतीला जुनाट म्हणून हसू नका. आज त्याच जागांवर संगणकाची कार्यालयं आहेत. तुम्हाला तिथे ठरावीक मुदतीचं कंत्राट मिळेल, रात्री अकराला फोनवर निरोप येईल आणि सकाळी कल्याण-डोंबिवलीहून येणाऱ्यांना पुन्हा त्याच गर्दीत लोकल पकडायची असेल. तुमचं ओझं वेगळं आहे. ते हलकं आहे असं इथल्या कुठल्याही पालकाने समजू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे.

एक गोष्ट अजून सलते. माझ्या हाताखाली तेवीस वर्षांचा एक हुशार मुलगा होता. एका बैठकीत वरचे साहेब त्याला सगळ्यांदेखत नको तेवढं बोलले. दुसऱ्या दिवशी त्याचा राजीनामा आला, दोन ओळींचा. मी तो मंजूर केला. त्याने मला काही सांगितलं नाही, मीही त्याला बोलावून विचारलं नाही. मी मोठी होते, पहिलं पाऊल माझं होतं. त्याने एकदा माझ्या टेबलाशी येऊन ‘मला हे लागलं’ एवढं म्हटलं असतं, तर साहेबांकडे आम्ही दोघं मिळून गेलो असतो.

म्हणून तुमच्याकडे मागणं आहे. पहिल्या नोकरीत पहिल्या आठवड्यात तिथल्या सगळ्यात जुन्या माणसाशेजारी डबा उघडा. त्यांना तुमच्याजवळचं यंत्र शिकवा आणि त्यांचं काम विचारून घ्या. काही लागलं, खुपलं, अन्याय वाटला, तर राजीनामा लिहिण्याआधी एका तरी माणसाला तोंडाने सांगा. नकार आला तर बरोबर कोण येतं ते पाहा आणि पुन्हा मागा. जिथे माणसाला माणूस म्हणून वागवतच नाहीत, तिथून मात्र खुशाल निघा. त्यात हार नाही.

येत्या रविवारी तुम्ही उशिरा उठाल, उठायलाच हवं. दुपारी जेवायला बसाल तेव्हा घरच्यांना सांगा, की ही सुट्टी मिळवून देणारा माणूस ठाण्यात जन्मला होता आणि त्याचं नाव नारायण मेघाजी लोखंडे.