आपले परीक्षक आपणच

परीक्षेची उत्तरपत्रिका परत हातीं आली कीं, विद्यार्थ्याची दृष्टि प्रथम गुणांच्या आंकड्याकडे धांवते. चूक कोठें झाली, हा विचार मागें पडतो. या बाबतींत बेंजामिन फ्रँकलिनचें उदाहरण मननीय आहे.

१७०६ सालीं बोस्टन येथें जन्मलेल्या या मुलाची शाळा तो दहा वर्षांचा असतांच सुटली. पुढें तो थोरल्या भावाच्या छापखान्यांत उमेदवारी करूं लागला. त्याचें लेखन वाचून वडिलांनीं सांगितलें कीं, शुद्धलेखन चांगलें आहे. परंतु भाषेचा डौल, मांडणी व स्पष्टता यांत उणीव आहे. मुलानें तो अभिप्राय मानला आणि सुधारणेचें काम स्वतःच्या अंगावर घेतलें. ‘स्पेक्टेटर’मधील निबंधांचीं त्रोटक टिपणें करावीं, तीं कांहीं दिवस बाजूस ठेवावीं, मग त्यांवरून निबंध स्वतः लिहावा आणि मुळाशीं ताडून आपले दोष आपणच दुरुस्त करावे, असा त्याचा क्रम असे. क्वचित् आपलें वाक्य मुळाहून सरस उतरलें, असेंही त्यास वाटे.

उत्तम नमुना आणि दोषांची ओळख हीं गुरुजनांनींच द्यावयाचीं असतात. ताडून पाहण्याचें काम मात्र विद्यार्थ्याचें. श्रोतेहो, “गुण किती मिळाले?” या प्रश्नाआधीं “उणें काय राहिलें?” हा प्रश्न घरोघर विचारला जावा. त्याचें उत्तर स्वतः शोधणाऱ्या मुलाचें शिक्षण शाळा सुटली तरी थांबत नाहीं.