हवा जिथं संपते, तिथं गोष्ट सुरू होते

गडहिंग्लजहून बोलतोय. आजचा विषय पुस्तकांचाच आहे, पण जरा जुन्या आणि जरा उचापती पुस्तकांचा. विमान नव्हतं, रॉकेट नव्हतं, आकाशात जायला माणसाजवळ फक्त फुगा होता, तेव्हा काही लेखकांनी माणसाला थेट चंद्रावर पाठवलं. त्या साहसकथा काय होत्या, मराठीत कशा आल्या आणि आपल्या आठवी-नववीतल्या पोरापोरींच्या हातात त्या आजही का द्याव्यात, याबद्दल बोलूया.

निमित्त झालं एका व्हॉइस मेसेजचं. आठवीतल्या एका मुलीनं विचारलंय, "दादा, गॅसचा फुगा वर जातो, मग तो जातच का राहत नाही? चंद्रापर्यंत का नाही पोचत?"

प्रश्न साधा वाटतो, पण या सगळ्या कादंबऱ्या याच प्रश्नातून जन्मल्यात. आधी उत्तर बघू. हिरण्यकेशीच्या पाण्यात रिकामा डबा, झाकण घट्ट लावून, खाली दाबून धरा आणि सोडा. उसळून वर येईल. पण पाण्याबाहेर उडून काठावरच्या झाडावर जाऊन बसेल का? नाही. पाणी संपलं की त्याचं वर जाणं संपलं. फुग्याचंही तसंच. त्याला हवाच वर ढकलते. आणि हवा वर-वर विरळ होत जाते. साडेपाच किलोमीटरवर हवेचा दाब निम्म्यावर येतो, सोळा किलोमीटरवर साधारण दहाव्या हिश्श्यावर. ढकलणारंच कुणी उरलं नाही, तर फुगा जाणार कुठं?

हे माणसाला पुस्तकातून नाही, जिवावर बेतून कळलं. ५ सप्टेंबर १८६२ ला इंग्लंडमध्ये ग्लेशर आणि कॉक्सवेल हे दोघं फुग्यातून निघाले. नऊ किलोमीटरच्या आसपास ग्लेशर बेशुद्ध पडला. कॉक्सवेलचे हात थंडीनं इतके गारठले, की गॅस सोडायची दोरी त्याला दातांनी ओढावी लागली. ती ओढली म्हणून दोघं जगले. पुढं १८७५ मध्ये फ्रान्समध्ये 'झेनिथ' नावाच्या फुग्यातून तिघं वर गेले. सोबत प्राणवायूच्या पिशव्या होत्या, पण त्या तोंडाला लावायच्या आधीच शुद्ध हरपली. तिघांतला एकच जिवंत परतला.

आता गोष्टी बघा. १८३५ मध्ये एडगर ॲलन पो यानं एक कथा लिहिली. रॉटरडॅममधला हान्स फाल नावाचा माणूस, धंदा भाते दुरुस्त करायचा, डोक्यावर कर्जाचा डोंगर. देणेकऱ्यांना चुकवायला हा पठ्ठ्या फुग्यातून चंद्रावर निघतो! गंमत म्हणून लिहिलेली गोष्ट आहे, पण विरळ हवेची अडचण पो विसरत नाही. त्याचा नायक हवा दाबून दाट करणारं यंत्र सोबत घेतो. पृथ्वी आणि चंद्राच्या मधे थोडी तरी हवा असेल, हे गृहीतक चुकीचं होतं. पण अडचण त्यानं लपवली नाही, समोर मांडली.

तीस वर्षांनी, १८६५ मध्ये, ज्यूल व्हर्न आला. त्याची पहिली गाजलेली कादंबरीच फुग्यातल्या प्रवासाची होती, 'फुग्यातून पाच आठवडे', १८६३ ची. म्हणजे फुगा काय चीज आहे हे त्याला नीट ठाऊक. आणि म्हणूनच चंद्रावर जायची वेळ आली तेव्हा त्यानं फुगा बाजूला ठेवला. नऊशे फूट लांबीची तोफ जमिनीत ओतली, पोकळ अ‍ॅल्युमिनियमच्या गोळ्यात तीन माणसं बसवली आणि बार उडवला. तोफेची जागा कुठली? अमेरिकेतला फ्लोरिडा. शंभरावर वर्षांनी, १६ जुलै १९६९ ला, अपोलो ११ उडालं तेही फ्लोरिडातूनच, आणि आत माणसं तीनच! व्हर्नच्या त्या तिघांपैकी मिशेल आर्दां हे पात्रसुद्धा फुगेवाल्यावरच बेतलंय. नादार नावाचा पॅरिसचा प्रसिद्ध छायाचित्रकार होता, प्रचंड फुगे उडवणारा. त्याच्या नावातली अक्षरं उलटसुलट केली की 'आर्दां' होतं.

गोळ्यात हवा कुठून आणायची, तर एका रसायनाला उष्णता देऊन प्राणवायू काढायचा आणि उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड दुसऱ्या रसायनात शोषून घ्यायचा. म्हणजे बंद खोली, आणि त्या खोलीत आपली स्वतःची हवा. ही कल्पना लक्षात ठेवा, तिच्याकडे परत यायचंय.

आता मराठीत येऊ. साल १९००. राइट बंधूंचं विमान उडायला अजून तीन वर्षं आहेत. त्याच वर्षी जुलैमध्ये जर्मनीत पहिलं झेपेलिन, म्हणजे सिगारच्या आकाराचं ते अवाढव्य हवाई जहाज, तळ्यावरून उडालं. आणि त्याच सुमारास कृष्णाजी नारायण आठल्ये यांच्या 'केरळकोकिळ' मासिकात व्हर्नची ही कथा 'चंद्रलोकची सफर' या नावानं क्रमशः यायला लागली. आगगाडीचंही अप्रूप असलेल्या काळात मराठी वाचक महिन्या-महिन्यानं चंद्राकडं सरकत होता. मराठी विज्ञानकथेचा इतिहास सांगणारे बहुतेक जण सुरुवात इथूनच करतात.

मग व्हर्न खऱ्या अर्थानं मुलांच्या हातात दिला तो भा. रा. भागवतांनी. होय, आपल्या फास्टर फेणेचे भागवत. १९१० साली इंदूरला जन्म, २००१ मध्ये निधन. व्हर्नच्या कितीतरी कादंबऱ्या त्यांनी मराठीत आणल्या, त्यात 'चंद्रावर स्वारी' आहे. त्यांचं मराठी पळतं. मूल वाचत नाही, मागं धावतं. आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या कितीतरी जणांनी चंद्र आधी भागवतांच्या पुस्तकात पाहिला आणि मग भूगोलाच्या.

आता कुणी म्हणेल, व्हर्नची तोफ तर चुकीची. बरोबर, चुकीचीच. पण किती चुकीची, हे आपण मोजू शकतो, आणि खरी मजा तिथंच आहे. नऊशे फूट म्हणजे सुमारे २७४ मीटर. तेवढ्या अंतरात गोळ्याला शून्यापासून सेकंदाला ११ किलोमीटरचा वेग घ्यायचाय. नववीतलं गतीचं समीकरण वापरा. वेगाचा वर्ग, भागिले अंतराची दुप्पट. उत्तर येतं गुरुत्वत्वरणाच्या साडेबावीस हजार पट. ५० किलोच्या मुलाला त्या क्षणी आपलं वजन ११२५ टन असल्यासारखं वाटेल. आपल्या भाषेत सांगतो. एका ट्रकात १६ टन ऊस धरला, तर उसानं भरलेले ७० ट्रक एकदम छातीवर! व्हर्ननं धक्का झेलायला गोळ्याच्या तळाशी पाण्याचा थर ठेवलाय. पाण्यानं काय होणार?

पण बघा, ही चूक आपल्याला सापडली कशामुळं? त्यानं तोफेची लांबी, गोळ्याचा वेग, सगळे आकडे उघड्यावर ठेवले म्हणून. गणितं तपासायला गणिताचा प्राध्यापक असलेल्या चुलतभावाची मदतही घेतली होती. जादूच्या गालिच्यातली चूक तुम्ही काढू शकत नाही, व्हर्नच्या तोफेतली काढू शकता. आणि चूक काढणाऱ्याच्याच डोक्यात पुढचा प्रश्न येतो, मग कसं जायचं?

तो प्रश्न कुणाला पडला? रशियातल्या एका शाळामास्तराला. कॉन्स्टंटिन त्सिओल्कोव्स्की. जन्म १८५७. लहानपणी तापात ऐकू येणं जवळजवळ गेलं, शाळा सुटली, स्वतःच पुस्तकं वाचून शिकला. कालुगा नावाच्या आडगावी गणित शिकवायचा. अंतराळाचं वेड पहिल्यांदा व्हर्ननं लावलं, हे त्यानं स्वतःच लिहून ठेवलंय. हा माणूस एकाच वेळी दोन गोष्टींवर डोकं चालवत होता, धातूचं हवाई जहाज आणि रॉकेट. हवा आहे तिथं जहाज, हवा संपली की रॉकेट. कारण रॉकेटला ढकलायला हवा लागत नाही. ते आपलाच वायू मागं फेकतं आणि स्वतः पुढं जातं. १९०३ मध्ये त्यानं हे गणितासकट छापलं.

आणि पुढं त्यानं कादंबरीही लिहिली, 'पृथ्वीच्या बाहेर', १९२० ची. त्यात वेगवेगळ्या देशांतले शास्त्रज्ञ एकत्र राहून रॉकेट बांधतात आणि निघतात. राहतात कुठं? हिमालयातल्या एका वाड्यात! कथेचं साल आहे २०१७.

हवाई जहाजांचं पुढं वाईट झालं. ऑक्टोबर १९३० मध्ये ब्रिटिशांचं आर १०१ हे जहाज भारताकडे निघालं होतं. उतरायचं होतं कराचीला, म्हणजे तेव्हाच्या मुंबई इलाख्यातच. तिथं त्याच्यासाठी अजस्र शेड बांधून तयार होती. जहाज फ्रान्समध्येच कोसळून जळालं, ४८ माणसं गेली. पण लगेच पुढच्या वर्षी, २७ मे १९३१ ला, ऑग्युस्त पिकार आणि पॉल किप्फर अ‍ॅल्युमिनियमच्या बंद गोळ्यात बसून, वर फुगा बांधून, १५,७८१ मीटर उंच गेले. गोळ्याला गळती लागली ती कापूस आणि व्हॅसलिन लावून बुजवली. बंद गोळा, आत स्वतःची हवा. व्हर्नची कल्पना आठवली? अंतराळयानाच्या खोलीची पहिली खरी रंगीत तालीम फुग्याखालीच झाली.

हे सगळं लांबचं वाटत असेल तर आपल्या जिल्ह्यात येऊ. १९ जुलै १९३८ ला कोल्हापुरात एक मूल जन्मलं, जयंत नारळीकर. बनारसला वाढले, केंब्रिजला शिकले. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली, तीही नारायण विनायक जगताप या टोपणनावानं, म्हणजे स्वतःची आद्याक्षरं उलटी करून. का? परीक्षकांनी नाव बघून नाही, गोष्ट बघून ठरवावं म्हणून. बक्षीस मिळालं.

आणि याच माणसानं पुढं खरा फुगाही वर पाठवला. जानेवारी २००१ मध्ये आणि पुन्हा एप्रिल २००५ मध्ये हैदराबादहून त्यांच्या गटाचे फुगे ४१ किलोमीटरपर्यंत गेले. माणसं नव्हती, निर्जंतुक केलेल्या पोलादी नळ्या होत्या. इतक्या उंचीवरच्या हवेत सूक्ष्मजीव सापडतात का, हे बघायचं होतं. दुसऱ्या वेळी जिवाणूंच्या तीन नव्या जाती मिळाल्या. त्यातल्या एकीला आर्यभटाचं नाव दिलंय. ते जीव पृथ्वीबाहेरूनच आले असं काही सिद्ध झालं नाही. २० मे २०२५ ला नारळीकर गेले. विज्ञानकथा लिहिणारा आणि अवकाशाच्या उंबऱ्यापर्यंत फुगा पाठवणारा माणूस एकच असू शकतो, आणि तो मराठीत लिहू शकतो, हे त्यांनी दाखवून दिलं.

म्हणून पालकांना आणि मास्तरांना एक विनंती. पोरगं असलं पुस्तक घेऊन बसलं की "अवांतर वाचन बंद कर, अभ्यास कर" असं म्हणून हातातून काढून घेऊ नका. गतीचं समीकरण फळ्यावर कोरडं राहतं, तोफेच्या गोळ्यात बसलं की जिवंत होतं. आणि अवकाश म्हणजे इंग्रजी माध्यमवाल्यांचं काम, आपलं नाही, ही समजूत मुलाच्या मनात एकदा बसली की पुढं खोडता येत नाही. मराठी वाचक १९०० सालापासून या प्रवासात आहे, हे त्याला कळू द्या.

आता पोरांसाठी काम. तोफ किती लांब असती, तर आतला माणूस जगला असता? माणूस थोडा वेळ गुरुत्वाच्या दहापट भार सोसतो असं धरा आणि उत्तर काढा. उत्तर फुटात नको, किलोमीटरमध्ये द्या, आणि गडहिंग्लजपासून मोजलं तर ती तोफ कुठल्या गावापर्यंत पोचेल तेही नकाशावर बघून कळवा. बरोबर उत्तरं पुढच्या भागात वाचून दाखवू.

तोवर वाचत राहा.