विमानातील प्राणवायू

३ एप्रिल १९३३ रोजी सकाळी बिहारमधील पूर्णियाजवळच्या धावपट्टीवरून दोन लहान विमाने उत्तरेकडे झेपावली. एव्हरेस्टच्या माथ्यावरून त्या दिवशी मानवाने पहिले उड्डाण केले. त्या विमानांत हवेचा दाब राखण्याची सोय नव्हती. सिलिंडर, एक नळी आणि मुखवटा एवढ्यावरच प्रत्येकाचा श्वास अवलंबून होता. दुसऱ्या विमानातील छायाचित्रकार बॉनेट यांच्या नळीला वाटेत चीर पडली. त्यांनी तिच्यावर हातरुमाल गुंडाळला. तरीही ते बेशुद्ध होऊन कोसळले आणि विमान खाली उतरू लागल्यावरच शुद्धीवर आले. बलाढ्य इंजिन आणि कसलेला वैमानिक असूनही, एका माणसाचे प्राण बोटाएवढ्या नळीवर टांगलेले होते.

उंचावरील हवेतही प्राणवायूचे प्रमाण शेकडा एकवीसच असते. घटतो तो हवेचा दाब. अठरा हजार फुटांवर तो जवळजवळ निम्मा होतो. या उणिवेचे कपट असे की, ती वेदना देत नाही. उलट सारे ठीक चालले आहे असा भ्रम निर्माण करते. १८७५ साली फ्रान्समध्ये ‘झेनिथ’ बलूनमधून तिघे जण वर गेले. प्राणवायूच्या पिशव्या त्यांच्याजवळच होत्या. परंतु त्या तोंडाशी नेण्याचे बळ ऐन वेळी हातांत उरले नाही. दोघे मरण पावले, तिसंदिए तेवढे वाचले. म्हणूनच अमेरिकेच्या नियमांनुसार साडेबारा हजार फुटांच्या वर अर्ध्या तासाहून अधिक काळ राहावयाचे असल्यास वैमानिकाने प्राणवायू घेतलाच पाहिजे. चौदा हजारांच्या वर तर सतत.

आकाशात जीवन देणारा हा वायू जमिनीवर भरताना मात्र निराळेच रूप दाखवितो. तो स्वतः जळत नाही. पण इतर पदार्थांना विलक्षण वेगाने जाळतो. साध्या हवेत निमूट पडून असणारा तेलाचा थेंब दाबाखालील प्राणवायूच्या सान्निध्यात अकस्मात पेट घेऊ शकतो. विमानाच्या कारागिराचे हात एरवी वंगणाने माखलेले असतात. येथे तेच वंगण त्याचे वैरी ठरते. म्हणून या कामाला बसण्यापूर्वी हात धुवावयाचे, स्वच्छ कपडे घालावयाचे आणि यासाठीच वेगळी ठेवलेली निर्मळ हत्यारे घ्यावयाची. जोडाच्या आट्यांना साधे तेल किंवा ग्रीस कदापि लावावयाचे नाही. वैमानिकानेदेखील ओठांना तेलकट मलम लावून मुखवटा चढवू नये.

भरण्याचे काम मोकळ्या, वाऱ्याच्या जागी करावे. विमान भूमीशी तारेने जोडलेले असावे, विजेची बटणे बंद असावीत, जवळपास विडी-सिगारेट नसावी आणि त्याच वेळी इंधन भरले जाऊ नये. आधी सिलिंडरवर कोरलेली तारीख वाचावी. अमेरिकी प्रमाणानुसार नेहमीच्या पोलादी सिलिंडरची पाण्याच्या दाबाने होणारी परीक्षा दर पाच वर्षांनी, तर वजनाने हलक्या अशा खास पोलादी सिलिंडरची दर तीन वर्षांनी व्हावी लागते. हा हलका सिलिंडर चोवीस वर्षांनी किंवा ४,३८० वेळा भरल्यानंतर, यांपैकी जे आधी घडेल तेव्हा, बाद करावा लागतो.

मग येते झडप उघडण्याची वेळ. सायकलीत हवा भरताना पंपाचे बूड तापते, हा सर्वांचा अनुभव आहे. झडप झटक्याने उघडली तर वायू एकदम दाबला जाऊन तसाच, पण कितीतरी अधिक, तापतो; आणि नळीच्या टोकाशी कचऱ्याचा कण असल्यास तो पेटू शकतो. यास्तव झडप अगदी सावकाश उघडावी. साठ्याचे अनेक सिलिंडर जोडलेले असल्यास सर्वांत कमी दाबाच्या सिलिंडरापासून प्रारंभ करावा. पुष्कळ सिलिंडरांचा पूर्ण दाब २१ अंश सेल्सियसला दर चौरस इंचास १,८५० पौंड असतो. परंतु नुकताच भरलेला वायू गरम असल्यामुळे काटा अधिक दाखवितो आणि निवल्यावर तो उतरतो. म्हणून तापमानाचे कोष्टक पाहूनच भरणा थांबवावा.

विमानातील प्राणवायू अत्यंत कोरडा असावा लागतो, कारण पाण्याचा अंश उंचावरील थंडीत गोठून झडप अडवितो. याच कारणास्तव सिलिंडर कधीही संपूर्ण रिकामा होऊ देऊ नये. थोडा दाब शिल्लक असला म्हणजे बाहेरची दमट हवा आत शिरत नाही. शेवटी जोडांवर या कामासाठीच बनविलेले, तेलाचा अंश नसलेले साबणाचे द्रावण लावावे. बुडबुडा दिसलाच तर आधी दाब सोडावा आणि मगच जोड आवळावा; दाबाखालील जोडाला हात घालू नये. नंतर द्रावण पुसून कोरडे करावे.

या कामात शौर्याला वाव नाही, आणि घाईला तर नाहीच. पंधरा हजार फुटांवर मुखवटा चढविणाऱ्या वैमानिकाला सिलिंडर कोणी भरला हे बहुधा ठाऊक नसते. नळी चिरली आहे हे वर गेल्यावर कळले, तर हाताशी रुमालच उरतो. जमिनीवर कळले, तर ती बदलता येते.