पाणथळीच्या काठी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



या दिवशी पाककृती किंवा भरतकाम यांवर बोलण्याची आपली रीत. आज मात्र वाघाडी धरणाच्या काठी मी टिपलेल्या पाखरांविषयी व किड्यांविषयी बोलावे, असा आपला आग्रह आहे. मी जाणकार नव्हे. नातवाने नवा कॅमेरा घेतला आणि जुना माझ्याकडे आला, एवढेच माझे भांडवल.

पहिला धडा चतुराने दिला. बसल्यावर पंख पसरून ठेवतो तो चतुर, आणि बहुधा पाठीवर मिटून घेते ती टाचणी. थंड सकाळी अंगात ऊब येईपर्यंत त्यांना नीट उडता येत नाही. चित्र घेण्याची वेळ तीच. पुढे उडाला, तरी पुष्कळदा चतुर फिरून त्याच काडीवर येतो. त्याच्यामागे धावू नये, काडीजवळ बसावे. त्याची पिले पाण्यात वाढतात आणि डासांच्या अळ्या खातात, म्हणजे तो आपला उपकारकर्ताच!

कमळपक्षी लांबलचक बोटांनी तरंगत्या पानांवर चालतो. त्याच्या घरी अंडी उबविणे व पिले सांभाळणे हे काम नराकडे असते. हे सांगितले तेव्हा आमच्या टोळीतले हसणे बराच वेळ थांबेना.

आता माझी चूक सांगते. एप्रिल महिना होता. काठच्या खड्यांत टिटवीची चार अंडी दिसली. खडे कोणते नि अंडी कोणती, कळू नये अशी. मी कॅमेरा लावून बसले. टिटवी डोक्यावर घिरट्या घालून आकांत करीत होती. मला वाटले, बसेल आता. शेळ्या चारणारी एक म्हातारी म्हणाली, "बाई, उठा तिथून. तुमी हाय तोवर थे बसत नाही. उन्हानं अंडी शिजतीन तिची."

मी शरमले आणि दूर बाभळीखाली गेले. टिटवी पाण्यात उतरली, पोटाची पिसे भिजवून आली आणि अंड्यांवर बसली. उन्हाळ्यात ती अंड्यांना असा गारवा देते. दुरून घेतलेले ते चित्र अस्पष्ट आहे, पण घरात मी तेच लावले आहे. पिले निघाली की नाही, ते मला माहीत नाही. पुन्हा त्या वाटेने जाण्याचा धीर झाला नाही.

भगिनींनो, 2 फेब्रुवारी हा जागतिक पाणथळ दिन. 1971 साली इराणातील रामसर येथे झालेल्या कराराची ती आठवण. आपल्या राज्यात नाशिक जिल्ह्यातील नांदूर मधमेश्वरला त्या यादीत पहिले स्थान मिळाले. आपल्या पाण्याला तसा मान मिळो न मिळो, त्या दिवशी मंडळाने तेथे पायी सहल काढावी. साधे, मळकट रंगाचे लुगडे नेसावे, बोलणे कमी करावे आणि घरट्याजवळ थांबू नये. चित्र चुकले तर उद्या पुन्हा घेता येते; गेलेले अंडे परत येत नाही.