दुसऱ्या यादीची वाट पाहताना

दहावीचा निकाल लागला, पेढे वाटून झाले. आता घरोघरी एकच घोर: यादीत नाव लागेल का?

२०२५ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन होतात. अर्जात जास्तीत जास्त दहा कॉलेजं पसंतीक्रमानं भरता येतात. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं, तर प्रवेश घ्यावाच लागतो. नाही घेतला तर पुढच्या नियमित फेऱ्या बंद. म्हणून शेजारीण सांगते म्हणून पहिला क्रमांक भरू नका. बसचं भाडं, येण्याजाण्याची वेळ यावर आधी घरात बोला.

दुसऱ्या ते दहाव्या पसंतीचं मिळालं, तर पुढच्या फेरीसाठी थांबता येतं. पण हातची जागा कुणी राखून ठेवत नाही. पुढं जागा निघतात त्या कुणी प्रवेश न घेतल्यामुळं किंवा कोट्यातल्या परत आल्यामुळं. कटऑफ बहुधा थोडाच उतरतो. दोन-चार गुणांनी हुकलं असेल तर थांबण्यात अर्थ आहे. वीस गुणांनी हुकलं असेल तर मिळतंय ते घ्या.

‘नंबर लावून देतो’ म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. गुणवत्ता यादी गुणांवरच लागते.

आणि एक सांगते. कॉलेज लांबचं मिळालं म्हणून लेकीला घरी बसवू नका. कॉलेज दुसरं चालेल, पण गेलेलं वर्ष परत येत नाही.